रद्दी, चिंध्या आणि कोलाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या कोलाज वर्गाला येणारे, आणि न येता नुसता फोटो पाठवून "हे असं का झालं?" म्हणून विचारणारे, अशा दोघांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोलाज म्हणजे कागद, कापड, इतर वस्तू यांचे तुकडे जोडून केलेलं चित्र. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीची पुनरुक्ती नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला चित्र अजिबात काढता येत नाही. कोलाज जमेल का?

जमेल. इथे रेषेपेक्षा निवड महत्त्वाची. कोणता तुकडा घ्यायचा, कशाशेजारी ठेवायचा आणि कुठे थांबायचं, एवढंच काम असतं. ते सोपं आहे असं मात्र नाही. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७ साली डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. पुढे त्यांनी रंगीत कागद कापून, चिकटवून चित्रं केली. आकार हाताला कळत होते. ते अर्थात आधीपासूनच मोठे चित्रकार होते, पण कागदाचं काम बोटांवर किती चालतं हे त्यातून दिसतं.

२. सुरुवातीला काय विकत आणू?

फार काही नाही. एक चांगली कात्री (स्वयंपाकघरातली नको, ती दुधाच्या पिशव्या कापून चिकट झालेली असते), पाती मोडता येणारा कटर, स्टीलची पट्टी, एक इंचाचा चपटा ब्रश, गोंद आणि बटर पेपर. दाबायला वजन म्हणून घरातली जाड पुस्तकं किंवा पाटा चालतो. खर्च करायचाच तर पायाच्या पुठ्ठ्यावर करा, म्हणजे ज्यावर सगळं चिकटवायचं त्यावर. वहीचं कव्हर किंवा बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा ओला झाला की हार मानतो. बाइंडिंगवाल्याकडे दोन-तीन मिलिमीटरचा करडा पुठ्ठा मिळतो, त्याच्याकडे उरलेले तुकडे मागितले तर बऱ्याचदा फुकटही देतो.

३. साहित्य गोळा कुठून करायचं?

आधी घरातून. लग्नपत्रिका, उदबत्तीचे पुडे, मागच्या वर्षीचं कॅलेंडर, दिवाळी अंक, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, साडीच्या खोक्यातला पातळ कागद, कुरिअरची पाकिटं. मग गल्लीत. शिंप्याकडची कातरणं, छापखान्यात कागद कापल्यावर उरणाऱ्या पट्ट्या, किराणा दुकानाबाहेरची बारदानं. रद्दीच्या दुकानात तासभर बसू दिलं तर त्यासारखी जागा नाही. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार इथे जुनी पोस्टकार्डं, हिशेबाच्या वह्या, बिलबुकं सापडतात.

एक विनंती. कचरावेचक बाईंनी निवडून ठेवलेल्या ढिगातून "आम्हाला काय, दोन कागद हवेत" म्हणत काही उचलू नका. तो त्यांचा माल आहे. पैसे देऊन घ्या. ओल्या कचऱ्यातलं काहीही घेऊ नका, कितीही सुंदर दिसलं तरी.

४. कागद चिकटवला की सुरकुत्या आणि फुगे येतात. काय चुकतंय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. बहुतेकांना वाटतं गोंद कमी पडला, आणि ते आणखी थापतात. खरं कारण पाणी आहे. कागदाचे तंतू ओले झाले की जाड होतात आणि कागद पसरतो. तुम्ही कोरड्या मापाने बसवलेला तुकडा पायावर चिकटल्यावर वाढतो, वाढायला जागा नसते, म्हणून वर उचलला जातो.

उपाय असा. तुकड्याच्या पाठीला गोंदाचा पातळ, सगळीकडे सारखा थर द्या आणि लगेच चिकटवू नका. दोन-तीन मिनिटं थांबा. कागद आधी वळेल, मग पुन्हा सैल पडेल. काय पसरायचं ते पसरून झालं की मग ठेवा. वर बटर पेपर धरून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने मध्यापासून बाहेरच्या दिशेला दाबत न्या. कडेकडून आत गेलात तर हवा मध्ये कोंडते.

कागदाला धार असते, म्हणजे तंतूंची दिशा. वर्तमानपत्र एका बाजूने सरळ फाटतं आणि दुसऱ्या बाजूने वेडंवाकडं, ती सरळ फाटणारी दिशा म्हणजे धार. ओला कागद धारेला आडवा जास्त पसरतो. मोठा तुकडा असेल तर त्याची धार पायाच्या पुठ्ठ्याच्या धारेला समांतर ठेवा. निम्म्या सुरकुत्या तिथेच जातात.

दिवाळी अंकांचा गुळगुळीत आर्ट पेपर त्रास देतो, कारण त्यावर मातीचा लेप असतो आणि ओल त्यातून सहज बाहेर पडत नाही. त्याला गोंद कमी आणि घट्ट, पाणी जवळजवळ नाहीच. वाळल्यावर फुगा राहिलाच तर सुईने भोक पाडा, टूथपिकच्या टोकाने कणभर गोंद आत सोडा आणि दाबा.

५. कोणता गोंद वापरू? फेविकॉल, डिंक की खळ?

कागदासाठी पांढरा फेविकॉल थोडं पाणी घालून, दाट ताकाइतका. वाळला की पारदर्शक होतो आणि पक्का धरतो. तोटा एकच, पुन्हा सोडवता येत नाही.

म्हणून जुन्या, मोलाच्या कागदाला खळ बरी. एक भाग मैदा, पाच भाग पाणी. आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून घ्या, उरलेलं पाणी घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. दुधट रंग जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवा, गार करून गाळा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. पुढे कधी तुकडा काढायचा झाला तर पाण्याने सैल होतो. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत. ते विषारी आहे, घरात आणि मुलांसमोर तर नकोच.

डिंक ठिसूळ होतो, काही वर्षांनी तुकडे कोरड्या पानांसारखे गळतात. ग्लू स्टिक शाळेच्या प्रकल्पापुरती. सेलोटेप कधीच नाही, तिचा चिकट भाग पिवळा होऊन कागदात उतरतो आणि डाग जात नाही. कागद सोडून इतर वस्तूंसाठी प्रश्न ९ आणि १६ पाहा.

६. चित्र छान झालं, पण पुठ्ठाच वाकला. आता?

एका बाजूला कागद चिकटवला की तो वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. दुसऱ्या बाजूला तेवढीच ओढ दिली की पुठ्ठा सरळ राहतो. म्हणून पाठीमागे साधा तपकिरी कागद त्याच गोंदाने, त्याच धारेत चिकटवा. आधीच वाकलेला असला तरी हाच उपाय, फक्त नंतर दोन दिवस वजनाखाली ठेवा. उन्हात ठेवून सरळ करायला जाऊ नका, जास्त वाकेल.

७. माझं कोलाज नुसता पसारा दिसतं. सगळं सामान तर सुंदर आहे!

तेच कारण. सगळं सुंदर सामान एकाच चित्रात आलंय. आठवडाभर जमवलेलं सगळं एकाच पुठ्ठ्यावर यायलाच हवं, असं काही नाही.

बंधन घालून घ्या. आज फक्त तपकिरी आणि पांढरं. किंवा फक्त अक्षरं. किंवा फक्त एका लग्नपत्रिकेतून निघेल तेवढंच. पायाचा निदान एक तृतीयांश भाग रिकामा ठेवा, डोळ्याला टेकायला जागा लागते. गोंद उघडण्याआधी सगळे तुकडे कोरडेच मांडा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून पाहा. रंग गेल्यावर सगळं एकसारखं करडं दिसत असेल तर गडद-फिक्याचा भेद कमी पडतोय. शक्य असेल तर मांडणी तशीच एक रात्र ठेवा, पंखा बंद करून.

कडांकडेही लक्ष द्या. कात्रीची कड तुकड्याला वेगळं काढते, फाडलेली कड शेजाऱ्यात मिसळू देते. आर्ट पेपर स्वतःकडे ओढून फाडला तर पांढरी किनार दिसते, उलट दिशेने फाडला तर ती मागे लपते. तुकड्यांपेक्षा या किनारीच चित्र बांधतात, असं माझं मत आहे.

८. वर्तमानपत्राचे तुकडे पिवळे पडतात. थांबवता येईल का?

थांबवता येत नाही, लांबवता येतं. वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो. त्यात लिग्निन हा लाकडातला घटक राहतो आणि प्रकाश व हवा लागली की तो पिवळा, मग तपकिरी होतो. थेट ऊन टाळलं आणि काचेत बसवलं तर वेग कमी होतो.

तीन वाटा आहेत. मजकूर महत्त्वाचा असेल तर त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा. झेरॉक्सचा रंग पाण्याने पसरत नाही, घरच्या इंकजेट प्रिंटरचा बऱ्याचदा पसरतो. कोपऱ्याला ओलं बोट लावून आधी बघा. पांढरेपणा महत्त्वाचा असेल तर चिंध्यांपासून केलेला हातकागद घ्या. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून तो बनवते. आणि पिवळेपणाच आवडत असेल तर वापरण्याआधी कागद गच्चीवर चार दिवस कडक उन्हात ठेवा. त्याचा बराचसा रंग तिथेच बदलून जातो आणि नंतर चित्राचा तोल कमी बिघडतो.

"टाकाऊतून टिकाऊ" ही घोषणा शाळेपासून आपल्या कानावर आहे. खरं सांगायचं तर टाकाऊ वस्तूंपैकी निम्म्या टिकाऊ होण्यासाठी बनलेल्याच नसतात. काम सुरू करण्याआधी ते किती वर्षं राहायला हवं हे ठरवा. वाढदिवसाच्या शुभेच्छापत्राला वर्तमानपत्र उत्तम, आजीच्या आठवणीच्या फ्रेमला नाही.

९. दुधाच्या पिशव्या आणि चिप्सची पाकिटं चिकटतच नाहीत. कोणता गोंद लावू?

कोणताच नको. दुधाची पिशवी पॉलिथिनची. तिच्या पृष्ठभागावर गोंद धरत नाही, आज चिकटलेला वाटतो आणि पंधरा दिवसांत सालीसारखा सुटतो. चिप्सच्या पाकिटाचीही तीच गत. त्यांना शिवा. शिलाई मशिनवर मोठा टाका घालून कापडावर किंवा पुठ्ठ्यावर सरळ शिवता येतात, आणि टाक्याची रेघ चित्रात छान दिसते. स्टेपल, आयलेट, तारेचे टाकेही चालतात.

पिशव्या आधी साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. आतल्या घडीत दूध राहिलं तर वास आणि मुंग्या दोन्ही येतात.

१०. यंत्रातून निघणाऱ्या पावत्या आणि तिकिटं लावली होती, ती कोरी झाली!

त्या थर्मल कागदाच्या होत्या. त्यावर शाई नसतेच, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. काळ, प्रकाश आणि काही गोंद यांनी अक्षरं पुसली जातात, इस्त्री लागली तर उलट सगळा कागद काळा होतो. नखाने जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उमटली तर तो थर्मल. अशा पावतीची झेरॉक्स काढा आणि ती वापरा. या लेपात बिस्फेनॉल गटातली रसायनं असू शकतात, त्यामुळे लहान मुलांच्या हातात मूळ पावत्यांचा ढीग देऊ नका.

११. आईच्या जुन्या साड्या आहेत. कापू का?

सुती असतील, विरलेल्या असतील, तर जरूर. आपल्याकडे गोधडी याच न्यायाने होते. विरलेल्या भागावर दुसरा तुकडा, वर धावदोरा. कापड कोलाजमध्ये घेण्याआधी धुऊन वाळवा, मग पातळ खळ लावून इस्त्री करा. कडा सुटत नाहीत आणि कागदासारखं कापता येतं. रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने तपासा.

जुनी पैठणी किंवा शालू मात्र आधी जाणकाराला दाखवा. जरीत खरी चांदी असेल तर कापून तिची किंमत आणि कापड दोन्ही घालवाल. पदर कापण्याऐवजी घडी घालून, टाक्यांनी अडकवून तसाच फ्रेम करता येतो. त्याला गोंदाचा थेंबही लावू नका.

१२. आजोबांचे फोटो आणि पत्रं लावायची आहेत.

मूळ लावू नका, प्रत लावा. फोटो चांगल्या स्कॅनरवर घ्या, मॅट कागदावर छापा. पत्राचाही स्कॅन. फ्रेममध्ये प्रत गेली तरी पाहणाऱ्याला फरक पडत नाही, आणि मूळ तुमच्या कपाटात राहतं. जुना फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका. काचेसकट स्कॅन करा.

१३. लग्नपत्रिकेवरचा गणपती, कॅलेंडरवरचे देव यांचं काय करायचं?

हा प्रश्न जवळजवळ दर आठवड्याला येतो. माझ्यापुरता नियम असा : देवाचं चित्र आणि लोकांची नावं आधी कापून बाजूला काढायची, उरलेला कागद वापरायचा. पत्रिकेचा जाड सोनेरी कागद, नक्षी, लिफाफ्याचं अस्तर यातच खूप माल असतो. बाजूला काढलेली चित्रं घरातल्या रीतीप्रमाणे विसर्जित करा किंवा कागद भिजवून लगदा करा, त्याचा नवा कागद होतो. कुणी देवाचं चित्रच कोलाजचा विषय करतं, त्यात गैर नाही. पण सार्वजनिक जागी लावायचं असेल तर दहा जणांना दाखवून घ्या.

जुन्या बाजारात कधी लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या छापखान्यातलं रविवर्म्यांचं अस्सल शिळाछाप चित्र हाती लागतं. ते कापायचं नाही! स्वच्छ करायलाही स्वतः जाऊ नका.

१४. मासिकातले फोटो कापून केलेलं कोलाज विकता येतं का? आणि नोटा, नाणी, झेंडे?

भारतात लेखक, चित्रकार आणि छायाचित्रकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. छायाचित्रासाठी प्रकाशनापासून ६० वर्षं मोजायचा नियम २०१२ साली गेला. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांच्या चित्रांच्या प्रती मोकळ्या आहेत. कालच्या मासिकातला फोटो मोकळा नाही. बारीक तुकडे होऊन त्यातून वेगळंच काही उभं राहत असेल तर सहसा वाद होत नाही. पण एखाद्या नटीचा अख्खा चेहरा ठेवून त्याच्या शंभर छापील प्रती विकायच्या असतील तर परवानगी घ्या किंवा स्वतःचा फोटो वापरा. मोठा व्यवहार असेल तर वकिलाला विचारा.

नाणी कापणं, वितळवणं २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे. मुद्दाम कापलेली नोट बँक बदलून देत नाही. नोटेसारखी दिसणारी रंगीत झेरॉक्स काढणंही अंगाशी येऊ शकतं. २०१६ साली बाद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा "आता नुसता कागद" म्हणून लोक आणतात. २०१७ च्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ बाळगता येत नाहीत. तिरंगा, कागदी असला तरी, कापायचा नाही, त्यासाठी १९७१ चा कायदा आहे. पंधरा ऑगस्टनंतर रस्त्यावर पडलेले छोटे झेंडे उचलून जरूर घ्या, पण सन्मानाने निकालात काढण्यासाठी.

१५. पावसाळ्यात बुरशी आणि कसर लागते. कोकणात तर विचारूच नका.

कसरीला पीठ आणि कागद दोन्ही आवडतात, म्हणजे खळीचं कोलाज तिला पंचपक्वान्न. दमट घरात खळीऐवजी फेविकॉल वापरा. काम पूर्ण वाळल्याशिवाय फ्रेम करू नका. वरून कोरडं दिसलं तरी आत ओल असते, पावसाळ्यात आठवडा तरी जाऊ द्या. चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट ठेवा. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंतीपासून हवा खेळते. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका.

नवं आणलेलं जुनं कागदपत्र घरातल्या साठ्यात लगेच मिसळू नका. एक महिना वेगळ्या बंद पिशवीत ठेवा आणि तळाशी भुकटी पडते का पाहा. बुरशी आली तर मास्क लावून, घराबाहेर, मऊ कोरड्या ब्रशने झटका. ओलं फडकं फिरवलं की ती पसरते.

१६. बांगड्यांच्या काचा, बाटल्यांची झाकणं, खिळे कसे लावू? आणि काय अजिबात वापरू नये?

जड वस्तूंना पुठ्ठा नको, प्लायवूड किंवा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंची फळी) घ्या. धातू आणि काचेला दोन भाग मिसळून होणारा एपॉक्सी, उंचसखल वस्तूला एम-सील. पृष्ठभाग आधी सँडपेपरने खरखरीत करा, तेलकटपणा पुसा. चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि टाइल्स सिमेंटमध्ये बसवल्या. घरी सिमेंट नको असेल तर टाइल्सच्या फटी भरायची ग्राउट चालते, काचेच्या कडाही झाकल्या जातात.

नको त्या गोष्टी : ट्यूबलाइट आणि सीएफएल (पारा असतो), जुन्या बॅटऱ्या, इंजेक्शनच्या सुया, छपराचे जुने सिमेंटचे पत्रे (अॅस्बेस्टॉस असतं, कापताना धूळ फुप्फुसात जाते). कॉम्प्युटरचं सर्किट बोर्ड अख्खं लावायला हरकत नाही, करवतीने कापू नका, जोडकामाच्या डागात (सोल्डरमध्ये) शिसं असू शकतं.

१७. हे हस्तकलेत मोडतं की कलेत?

१९१२ साली पिकासोने वेताच्या विणीचं छापील मेणकापड चित्रात चिकटवलं आणि कडेने दोरखंड लावला. त्याच वर्षी फ्रेंच चित्रकार ब्राकने लाकडाची नक्कल छापलेला भिंतीचा कागद वापरला. जर्मनीत कुर्ट श्विटर्स यांनी ट्रामची तिकिटं आणि रस्त्यावरचे कपटे घेऊन वर्षानुवर्षं काम केलं. त्यामुळे संग्रहालयांनी या प्रश्नाचं उत्तर कधीच दिलंय. शेजारच्या काकूंनी अजून दिलं नसेल, तर त्यांना गोधडीबद्दल विचारा.

१८. परदेशातल्या मुलीला कोलाज पाठवायचंय. काही अडचण?

साधं कागदाचं असेल तर नाही. काच काढून अॅक्रिलिक लावा किंवा फ्रेमशिवाय, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवा. गुंडाळू नका, तुकडे सुटतात.

वाळलेली पानं, बिया, करवंटी, पिसं, शंख असतील तर थांबा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये वनस्पती आणि प्राण्यांपासून आलेल्या वस्तूंची कडक तपासणी होते, पार्सल अडकू शकतं किंवा नष्ट केलं जातं. मोराची गळलेली पिसं देशात ठेवता येतात, देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. इतर बहुतेक रानपक्ष्यांना आणि काही शंखांच्या जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे सापडलेलं पीस किंवा मोठा शंख जिथे आहे तिथेच राहू द्या. स्वयंपाकात आणलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या घरच्या भिंतीसाठी खुशाल वापरा, उकळून, घासून आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवून.